वाजत राहिलेला टाळ

माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते तेव्हा संध्याकाळी तळावर समाजआरती होते. टीव्हीवर ती फारशी दाखवत नाहीत. रिंगणातल्या घोड्यासारखं तिच्यात धावणारं काही नसतं. पालखी तंबूपाशी आलेली, दिंड्या गोल धरून उभ्या, टाळ-पखवाजाचा गजर टिपेला गेलेला. मग चोपदार हातातला दंड वर करून 'हो' म्हणून आरोळी देतो आणि एवढा मोठा जनसमुदाय क्षणात गप्प होतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन, आजोबांचं बोट धरून आलेला. शांतता अशी, की पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. आणि त्या शांततेत एका दिंडीचे टाळ मात्र चालूच होते.

मला वाटलं, त्यांना आरोळी ऐकूच आली नसेल. आजोबा म्हणाले, "ऐकू आलीय की. त्यांची तक्रार हाय."

रीत अशी आहे. ज्या दिंडीला दिवसभरात काही खुपलं असेल, चालण्याचा क्रम मोडला असेल, कुणी धक्काबुक्की केली असेल, पाणी मिळालं नसेल, ती दिंडी दंड वर गेला तरी टाळ थांबवत नाही. मग चोपदार चालत तिच्याकडे जातो, म्हणणं ऐकून घेतो, मार्ग काढतो. ते टाळ थांबेपर्यंत बाकीचे सगळे तिष्ठत उभे. त्यानंतर हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो, उद्या पालखी किती वाजता हलणार ते सांगतात, आणि मग आरती. त्या दिवशी तक्रार कसली होती हे आम्हा मागच्यांना काही कळलं नाही. आजोबांचा अंदाज टँकरचा होता. माझ्या मनात मात्र तो एकटा वाजणारा टाळ कायमचा राहिला.

आपल्याकडे 'परंपरा की परिवर्तन' असा वाद पेटला की मला ती संध्याकाळ आठवते. गाभाऱ्यात बाईने जावं का, मठाच्या गादीवर मुलानेच का बसावं, पक्षाची धुरा लेकीकडे जावी की पुतण्याकडे, सरपंच थेट निवडावा की सदस्यांमधून: विषय कुठलाही असो, दोन फळ्या ठरलेल्या. एक म्हणते, बापजाद्यांपासून चालत आलंय, हात लावू नका. दुसरी म्हणते, जुनं आहे ना, मग मोडीत काढा. दोघींचं भांडण वस्तूच्या वयावरून. जुन्या बाजारात भांडं घेताना तरी आपण ते वाजवून बघतो. नेतृत्वाच्या बाबतीत तेवढंही करत नाही. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे. इथे टाळ वाजत ठेवायला जागा आहे का? आणि तो वाजत राहिला तर दंडवाल्याला उठून तिकडे जावं लागतं का? याचं उत्तर 'हो' असेल तर व्यवस्था चारशे वर्षांची असो की चार महिन्यांची, मला चालेल.

यात एक गोम आहे, ती आधीच सांगून टाकतो. चोपदारकी वंशपरंपरेची आहे. त्या माणसाला कुणी मतं देऊन निवडलेलं नाही. लोकशाहीच्या पुस्तकी हिशेबात तो नापास. तरीही तक्रारीच्या दिशेने चालत जाणं त्याला चुकत नाही, कारण सगळा तळ बघत असतो. निवडून आलेल्या किती जणांवर एवढी सक्ती आहे?

आणि ज्याला आपण वारीची परंपरा म्हणतो ती तरी किती जुनी? वारी स्वतः ज्ञानोबांच्याही आधीची. पण हा रथ, हे घोडे, दिंड्यांचे क्रमांक, ही शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे. साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. सरदारकी सोडून ते आळंदीला येऊन राहिले आणि माउलींचा सोहळा त्यांनी वेगळा उभा केला. तोवर देहूची पालखीच मोठी. तीही तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास सुरू केलेली. हैबतबाबांना अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिले. घोडे आजही अंकलीहूनच येतात. म्हणजे आज ज्याच्यावर बोट ठेवून 'हे बदलायचं नाही' म्हणतात ते एका निवृत्त लष्करी माणसाने, छावणीची सवय हाताशी धरून केलेलं नूतनीकरण आहे. त्याच्याही काळात कुणी ना कुणी म्हणालंच असेल, की हे काय नवीन खूळ.

पुढे १९१७ मध्ये विष्णुबुवा जोगांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तोवर कीर्तन शिकायचं तर कुठल्या तरी फडात, म्हणजे वारकऱ्यांच्या पिढीजात मंडळीत, फडकऱ्याच्या हाताखाली. फडाची गादी घरातल्या घरात जाते. मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. ज्या घरात पोराला बोलता येण्याआधी काकडा ऐकू येतो त्या घरातून तयार होणारा गवई-कीर्तनकार वेगळाच असतो. पण जोगांनी शेतकऱ्याच्या, कुणाच्याही पोराला चार वर्षं शिकून उभं राहण्याची वाट काढून दिली. त्यांनी फड बंद पाडले नाहीत की गादीशी भांडण मांडलं नाही, नुसतं शेजारी एक दार उघडलं. आज गावोगावच्या सप्ताहात उभे राहणारे कितीतरी महाराज त्या दारातून आलेले आहेत. (त्यातल्या काहींचे दर, गाड्या आणि यूट्यूबवरच्या टाळ्या पाहून जोगबुवांनी कपाळाला हात लावला असता, ते सोडा.)

वारीच्या वाटेवर जे चांगलं दिसतं त्याच्या नेमकं उलट ती वाट जिथे संपते तिथे होतं. पंढरपुरात पिढीजात हक्काने विठ्ठलाचं मंदिर बडव्यांकडे होतं, रुक्मिणीचं उत्पातांकडे, शिवाय पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे असे सात सेवाधारी. देवाजवळ बसण्याचा, म्हणजे देवापुढे पडेल ते उचलण्याचा हक्क बडव्यांमध्ये आपापसात लिलावाने जायचा. ज्याने बोली बोलली त्याला ती भरून काढायची. मग विटेवरच्या पायांवर टेकलेलं डोकं किती वेळ टेकू द्यायचं याचा हिशेब पैशात होणार, यात नवल कसलं. माझ्या आजीला त्या गाभाऱ्याचं शेवटपर्यंत जे आठवत होतं ते विठ्ठलाचं रूप नव्हतं, मानगुटीवरचा हात होता.

इथे टाळ वाजलाच नाही असं नाही. चोखोबांनी अभंगातून थेट विठ्ठलाकडेच तक्रार केली, की तुझे बडवे मला मारतात. सातशे वर्षांपूर्वीची ती तक्रार आपण आजही तालासुरात गातो. पण ऐकायला कुणी चालत आलं नाही. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गेले, त्यांची समाधी महाद्वारासमोर झाली, आणि त्यांच्या माणसांना तिथून पुढे पाऊल टाकायला १९४७ उजाडावं लागलं.

त्या वर्षी १ मेपासून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिर अस्पृश्यांना उघडं करण्याचं ठरलं. ही गोष्ट 'सुधारक विरुद्ध सनातनी' म्हणून सांगायची आपली सवय. पण गुरुजी कुठे बसले होते? तनपुरे महाराजांच्या मठात. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एका वारकरी महाराजाने आपल्याच पंढरीतल्या मातब्बरांचा रोष पत्करून मठाची जागा दिली. ती मिळाली नसती तर बाहेरून आलेल्या समाजवादी माणसाला पंढरपुरात सतरंजी कुठे टाकायची हाच प्रश्न होता. दुसऱ्या बाजूला, मंदिर उघडणार म्हटल्यावर काही मंडळींनी देवाचं तेज मंत्रांनी घागरीत काढून घेतलं, असं सांगतात. मला ती घागर फार बोलकी वाटते. दार उघडा, मूर्तीला हात लावा, पण देव आमच्याकडे. पुढच्या काळात किती सत्तांनी अशा घागरी भरून बाजूला ठेवल्या, त्याला गणती नाही.

मग कायदा आला. नाडकर्णी आयोग नेमला गेला, त्याच्या अहवालावरून १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा झाला, वंशपरंपरेचे हक्क त्याने संपवले, आणि बडवे-उत्पात कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं अखेर फेटाळलं ते जानेवारी २०१४ मध्ये. मधे चाळीस वर्षं गेली. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागवले: कुठल्याही जातीचे, बायकाही चालतील, पूजाविधी यायला हवेत. मुलाखती झाल्या. ज्या दारापुढे चोखोबांना अडवलं त्या दारात नोकरीची मुलाखत! त्या दिवशीचं वर्तमानपत्र मी जपून ठेवलं होतं, पुढे ते वाळवीने खाल्लं.

मी या बदलाच्या बाजूचा आहे, होतो, राहीन. म्हणूनच पुढचं बोलायचा मला हक्क आहे असं समजतो.

बडव्यांच्या जागी समिती आली. समिती नेमतं सरकार. २०१७ मध्ये समितीवर जी नेमणूक झाली ती राजकीय आहे, अध्यक्ष माळकरी हवा, म्हणून वारकरी संघटना रस्त्यावर आल्या. सरकार बदललं की समिती बदलणार किंवा अधांतरी राहणार, तोवर अधिकाऱ्यांकडे कारभार. आषाढीला पत्राशेडमध्ये पंधरा-वीस तास रांगेत उभ्या असलेल्या बाईला काही खुपलं तर तिने टाळ कुठे वाजवायचा? तिच्यापुढून व्हीआयपी निघून जातो तेव्हा कोण तिच्याकडे चालत येतं? पूर्वी बडव्याला शिवी तरी देता यायची, कारण तो समोर असायचा. आता शिवी द्यायची तर मंत्रालयाचा मजला माहीत हवा. २०२३ मध्ये हा कायदाच रद्द करा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. बडव्यांचा काळ परत यावा असं म्हणणारे मला एकदोनच भेटले. पण सरकारच्या ताब्यात देव नको असं म्हणणारे माळकरी पुष्कळ भेटतात, आणि त्यांना 'प्रतिगामी' म्हणून उडवून लावणं हा आळस आहे.

समिती कुणाकडे बघते याचा एक नमुना त्याच वर्षीच्या कार्तिकीला दिसला. आषाढीची महापूजा मुख्यमंत्र्यांनी करायची, कार्तिकीची उपमुख्यमंत्र्यांनी, अशी 'परंपरा' आहे. उपमुख्यमंत्री नावाचं पद राज्यघटनेत नाही, पण विठ्ठलाच्या पूजेत आहे! तर त्या वर्षी राज्याला उपमुख्यमंत्री दोन. समितीला पेच पडला, बोलवायचं कुणाला? तिने शासनाच्या विधी व न्याय विभागाकडे विचारणा केली. विठ्ठलाच्या दारात पूजेचा मान कुणाचा, याचा निर्णय आता विधी खातं देणार. ज्ञानोबा-तुकोबांपैकी कुणी हे ऐकलं असतं तर नक्की हसलं असतं, आणि कोपऱ्यात उभे असलेले बडवेही.

त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, मराठा आरक्षणाच्या आंदोलकांनी जाहीर केलं होतं की मुख्यमंत्र्यांना आषाढीची पूजा करू देणार नाही. देवेंद्र फडणवीस गेले नाहीत. वारकऱ्यांच्या जिवाला धोका नको, असं कारण त्यांनी दिलं आणि पूजा 'वर्षा'वर केली. मंदिरात महापूजेचा मान रांगेतल्या वारकरी दांपत्याला मिळाला. देवाच्या दारात राजकीय मागणी आणावी का, यावर तेव्हा घराघरात भांडणं झाली, आमच्याही झाली. मला आजही वाटतं की लाखो माणसं उभी असताना धमकीची भाषा करणं चूक होतं. पण एक गोष्ट विसरू नका. पूजेचा मान सत्तेला दिला की सत्तेविरुद्धची तक्रारही देवळाच्या दारात येणारच. मान घ्यायचा आणि टाळ ऐकायचा नाही, हे वेळापूरच्या तळावर चालत नाही. आणि गंमत अशी, की मुख्यमंत्री आले नाहीत म्हणून विठ्ठलाची पूजा अडली नाही.

नवा चेहरा आला म्हणजे नवी रीत आली, असंही नसतं. शनिशिंगणापूरचं पाहा. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका बाईने चौथऱ्यावर चढून शनीला तेल वाहिलं. गावाने दुधाने शुद्धीकरण केलं. जानेवारीत देवस्थानच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच एक महिला आल्या. पेपरांनी कौतुक केलं. आणि चौथऱ्याची रूढी तशीच राहील, असं त्यांनीच सांगितलं. १ एप्रिल २०१६ ला उच्च न्यायालयाने निकाल दिला की जिथे पुरुष जाऊ शकतो त्या देवळात बाईला अडवता येणार नाही. आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, विश्वस्तांनी चौथरा बायकांना मोकळा केला. त्यातही विनोद असा, की १९५६ पासून महाराष्ट्रात हिंदूंच्या सगळ्या वर्गांना मंदिरप्रवेशाचा कायदा होताच. साठ वर्षं तो कपाटात होता. खुर्चीवर बाई बसवली तरी खुर्ची कुणाचं ऐकते हे बदललं नाही. ते बाहेरून, टाळ बडवणाऱ्या बायकांनी आणि कोर्टाने बदलायला लावलं.

याच चालीवर मला शाहू महाराजांचा १९२० चा निर्णय कायम विचारात पाडतो. वेदोक्ताच्या प्रकरणात ज्या पुरोहितशाहीने छत्रपतींनाच शूद्र ठरवलं तिला उत्तर म्हणून महाराजांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर सदाशिवराव बेनाडीकर या मराठा तरुणाला क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवलं. टोला अचूक होता. पण एक जगद्गुरू नको म्हणून दुसरा जगद्गुरू कशाला, हा प्रश्न सत्यशोधकांपैकीच काहींनी केला. जोतीरावांनी सगळी मध्यस्थी नाकारली, आणि आपण पुन्हा गादी मांडतोय? महाराजांच्या हेतूबद्दल शंका घेण्याची माझी लायकी नाही. पण शंभर वर्षांनी मागे वळून पाहताना त्या शंकाखोर सत्यशोधकांचं पारडं मला जड वाटतं. महाराजांनी सुरू केलेल्या वसतिगृहांनी जेवढं बदललं त्याच्या पासंगालाही ती गादी पुरली नाही.

हे फक्त हिंदूंचं दुखणं आहे असं कुणी समजू नये. मुंबईत दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूपदाचा वारसा कुणाचा, हा खटला उच्च न्यायालयात २०१४ पासून दहा वर्षं चालला. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने पुराव्यावर बोट ठेवून सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांच्या बाजूने कौल दिला. वारसा कुणाचा हे कोर्टात तरी सांगता आलं. पण त्या समाजातल्या सुधारकांची जुनी तक्रार वेगळीच आहे: धर्मगुरूला समाजाबाहेर काढण्याचा जो अधिकार आहे त्याचं काय? मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्दबातल ठरवला, आणि तो निकाल बरोबर होता का याचा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे धाडला गेला. बहिष्कार म्हणजे तरी काय? टाळ वाजवला तर दिंडीतून काढू, एवढंच. आमच्याकडच्या जातपंचायतीही हेच करत आल्या. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला.

आता राजकारणाकडे येतो. इथे तर परंपरेचा उगम आपल्या डोळ्यांदेखत झालेला असतो आणि तरी लोक तिला अनादि मानतात.

२ मे २०२३. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या सभागृहात शरद पवारांनी राष्ट्रवादीचं अध्यक्षपद सोडत असल्याचं सांगितलं. पन्नाशी-साठी ओलांडलेले नेते, माजी मंत्री रडले. 'तुमच्याशिवाय आम्ही काय करू' असा सूर. समिती बसली, ५ मे रोजी तिने राजीनामा नामंजूर केला, त्याच दिवशी तो मागे घेतला गेला. आणि २ जुलैला पक्ष फुटला. दोन महिन्यांपूर्वी त्या सभागृहात कुणीतरी ताठ मानेने उभं राहून म्हटलं असतं, की साहेब, तुमचं ठीक आहे पण आमची ही ही तक्रार आहे, तर? तसं म्हणायची पद्धतच त्या पक्षात नव्हती. शिवसेनेत तर 'आदेश' हाच शब्द रूढ. जून २०२२ मध्ये तक्रार कुठे गेली? बंडखोर आमदारांबरोबर सुरतेला, तिथून गुवाहाटीला.

टाळ वाजवायला जागा नसली की माणसं वीणाच घेऊन पळतात.

दोन्ही वेळा निवडणूक आयोगाने नाव-चिन्ह कुणाचं हे ठरवताना शेवटी आमदार-खासदारांची डोकी मोजली: फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेची, फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीची. शिवसेनेच्या निकालात आयोगाने एक झोंबणारी गोष्ट लिहिली होती: पक्षाची २०१८ ची घटना लोकशाहीला धरून नाही, आणि ती आयोगाच्या नोंदीतही नाही. विधानसभा अध्यक्षांनीही जानेवारी २०२४ मध्ये १९९९ ची घटनाच धरली. त्या निकालांच्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असू द्या. माझंही आहे आणि ते फारसं आदराचं नाही. पण ज्या पक्षात अंतर्गत निवडणूक कागदावरही नीट नव्हती त्याला आपलं घर आपलं आहे हे सिद्ध करायला सातबाराच सापडला नाही, हेही खरंच.

घराणेशाहीवर तोंडसुख घेणाऱ्यांनी आपल्या अंगणात पाहावं. भाजपचा अध्यक्ष घराण्यातून येत नाही हे मान्य. पण तो मतदानाने निवडला गेल्याचंही कुणाला आठवत नाही, सगळं बिनविरोध. काँग्रेसने ऑक्टोबर २०२२ मध्ये बावीस वर्षांनी अध्यक्षपदाची निवडणूक घेतली. खर्गे यांना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मतं पडली. त्या हजारभर लोकांचा टाळ तरी मोजला गेला. आपल्या राजकारणात हे एवढं नवीन होतं की त्याची बातमी झाली.

आणि कायदा तरी टाळ वाजवू देतो का? १९८५ ची पक्षांतरबंदी आली ती 'आयाराम-गयाराम' थांबवायला. हेतू योग्य. पण तिच्यामुळे एका आमदाराने सभागृहात पक्षादेशाविरुद्ध हात वर केला तर त्याची आमदारकी जाते. एकट्याने टाळ वाजवला तर हकालपट्टी, दोन तृतीयांशांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीनीकरण दाखवलं तर मोकळीक. घाऊक बंडाला सवलत आणि किरकोळ तक्रारीला शिक्षा, असा बाजार आपणच मांडलेला आहे.

लिलाव बडव्यांबरोबर संपला असंही नाही. जानेवारी २०२१ मध्ये देवळा तालुक्यातल्या उमराणे आणि नंदुरबारकडच्या खोंडामळी या दोन गावांची ग्रामपंचायत निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण सरपंचपदाची बोली लागली होती. उमराण्यात ती दोन कोटींच्या पुढे गेल्याच्या बातम्या होत्या, आणि पैसा जाणार होता देवळाच्या कामाला. गावाची एकी, खर्चाची बचत, वर देवाचं काम. म्हणणाऱ्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. पंढरपुरात देवाजवळ बसण्याची बोली लागायची, इथे देवाच्या नावाने गावावर बसण्याची लागली. ज्याने पद विकत घेतलं त्याला पाणी का आलं नाही हे कुठल्या तोंडाने विचारायचं? त्याने पैसे मोजलेत.

आमच्या गावचं सांगतो. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत. आमच्याकडे सरपंचपद बाईला सुटलं तेव्हा ग्रामसभेच्या टेबलामागे दोन खुर्च्या लागल्या, एक त्यांची आणि एक त्यांच्या मालकांची. गणपूर्तीला शंभर माणसं किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यातलं जे कमी असेल ते लागतं. तेवढी जमत नाहीत. मग सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून चहाच्या टपरीवर अर्धा तास काढून पुन्हा बसायचं. ही रीत इतकी अंगवळणी पडलीय की लोक थेट दुसऱ्याच सभेला येतात. मागे एकदा वस्तीवरच्या एका म्हातारीने उभं राहून घरकुलाची यादी वाचून दाखवा म्हटलं. दोन्ही खुर्च्या ग्रामसेवकाकडे बघू लागल्या. तो म्हणाला, "मावशी, विषयपत्रिकेवर नाही." म्हातारी खाली बसली नाही. यादी वाचेपर्यंत उभीच राहिली. अर्ध्या तासाने बाई सरपंचच म्हणाल्या, "वाचा हो, त्यांचे पाय दुखत असतील." मालकांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं, ते मला अजून आठवतं. पुढच्या सभेला खुर्ची एकच होती. ती तशीच राहिली असं मात्र नाही.

असंच एक आमच्या देवळाचं. चैत्रात भैरवनाथाची यात्रा. पंच घराण्यांतून ठरलेले, पालखीचा मान ठरलेला, कुणी मोडलेलं नाही. पण पूर्वी यात्रा झाली की आठ दिवसांत देवळाच्या पडवीतल्या काळ्या फळ्यावर जमाखर्च खडूने लिहायचे. कुणाची वर्गणी किती, तमाशाला किती, कुस्त्यांच्या इनामाला किती, शिल्लक काय. लहान पोरं तो वाचून अंकगणित शिकायची; आकडा चुकला तर कुणीही खडू घेऊन खाली लिहायचा. कुणी कायदा केला नव्हता. आता यात्रा तिपटीने मोठी झाली आहे, देणगी क्यूआर कोडवर येते, डीजे आला, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो शेकड्याने पडतात. पंच तेच, त्यांची पोरं नव्या विचारांची, दोघं पुण्यात नोकरीला. फळा दोन वर्षं कोरा आहे.

पंचांत माझा चुलत भाऊ आहे. मी अजून त्याला विचारलेलं नाही.